रात्री अडीच वाजता गॅलरीत

"मॅडम, मुंबईच्या विमानतळावरून मी हिला घेऊन आलो त्याला महिना झाला. चारही बॅगा आल्या. ही मात्र अजून आलेली नाही."

काका खुर्चीच्या अगदी कडेवर बसून बोलत होते. वय अडुसष्ट, सरकारी नोकरीतून निवृत्त, सोसायटीच्या कामात पुढे असणारे. शेजारी काकू. मांडीवर कापडी पिशवी, तिचे बंद दोन्ही हातांत धरलेले, नजर खिडकीबाहेरच्या पावसात. २०२५ सालच्या जुलैचा शेवटचा आठवडा होता. मी त्यांना काका-काकूच म्हणत असे आणि इथेही तसंच म्हणणार आहे. दोघांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पुण्यात समुपदेशन करणाऱ्या कुणालाही ही तक्रार नवी नाही. आमच्याकडे एकेका इमारतीत दोन-तीन घरं अशी असतात की मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत आणि आई-वडील बाळंतपणाच्या किंवा नातवंडांच्या निमित्ताने सहा महिने तिकडे. मग त्यातला एक जण आधी परततो, दुसरा मागून येतो आणि मागून आलेल्याबद्दल पहिला विचारतो, "ही अशी का वागते? रमत का नाही? तिकडची हवा लागली की काही मानसिक झालंय?" दोन्ही उत्तरं माणूस घरूनच तयार करून आणतो. काकांनी दुसरं आणलं होतं.

त्यांच्या मते सगळं स्वच्छ होतं. काकू अमेरिकेहून परतताना दोह्याच्या विमानतळावर अडकल्या आणि तेव्हापासून बिघडल्या.

तो प्रवास वाचकांना आठवत असेल. २२ जूनला अमेरिकेने इराणच्या अणुकेंद्रांवर बॉम्ब टाकले. काकू त्याच संध्याकाळी न्यूयॉर्कहून निघाल्या. आयुष्यातला पहिलाच एकटीने केलेला विमानप्रवास. दोह्याला उतरल्या २३ तारखेला दुपारी, पुढचं मुंबईचं विमान रात्रीचं. मधल्या संध्याकाळी कतारने आपली हवाई हद्द बंद केली आणि थोड्याच वेळात इराणने दोह्याजवळच्या अल उदेद या अमेरिकी तळावर क्षेपणास्त्रं सोडली. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेनऊ-दहा झाले होते. काका टीव्हीसमोर होते. पडद्यावर आकाशातले लाल ठिपके आणि खाली 'दोहा' ही दोन अक्षरं. हद्द मध्यरात्रीनंतर उघडली, पण हजारो प्रवासी खोळंबलेले, विमानं कुठे कुठे वळवलेली. काकू मुंबईत उतरल्या त्या २५ तारखेच्या पहाटे.

"तेव्हापासून ही रात्री उठते," काका म्हणाले. "अडीचच्या सुमाराला. गॅलरीत जाऊन बसते. चार-साडेचारपर्यंत. मी गेलो की फोन उलटा ठेवते. दिवसा बोलत नाही, बोलली तर तोडून बोलते. माझी बहीण भेटायला आली तर हिने चहा ठेवला आणि आत जाऊन झोपली. अशी नव्हती हो ही."

काकू एवढंच म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही. यांना वाटतंय."

पहिल्या भेटीत मी शरीराचं विचारून घेते. मनाचं नंतर. लांबच्या विमानप्रवासानंतर एकाच पायाला सूज किंवा पोटरीत दुखणं असेल तर माझ्याकडे नाही, आधी डॉक्टरांकडे जायचं. थायरॉइड, बी-१२, साखर पाहून घ्यायची. आणि झोप. न्यू जर्सी आणि आपल्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. शरीराचं घड्याळ ढोबळमानाने दिवसाला एखादा तास सरकतं, पूर्वेकडे येताना जास्त त्रास देतं, उतारवयात आणखी रेंगाळतं. तरी दहा-बारा दिवस, फार तर दोन आठवडे. काकूंना महिना झाला होता. प्रवासाचा शिणवटा एवढा टिकत नाही.

एक गोष्ट मात्र विचारता विचारता हाती लागली. रक्तदाबाची गोळी काकू संध्याकाळी साडेपाचला घेत होत्या. जाण्याआधी सकाळी आठला घ्यायच्या. तिकडे गेल्यावर तिकडच्या सकाळी आठला. परत आल्यावर वेळ बदललीच नव्हती. तिकडे आठ वाजतात तेव्हा इथे साडेपाच. मी डॉक्टरांना विचारून वेळ ठरवून घ्यायला सांगितलं आणि वहीत त्याच्याखाली रेघ मारली. तेव्हा त्याचा अर्थ मला लागला नव्हता.

मलाही दोह्याचाच संशय होता, हे कबूल केलं पाहिजे. आकाशात क्षेपणास्त्रं, परका देश, एकटी बाई, इंग्रजी बेताचं. मन हादरायला आणखी काय लागतं? म्हणून दुसऱ्या भेटीत काकूंना एकटीला बोलावलं आणि त्या रात्रीबद्दल विचारलं. स्वप्नं पडतात का, अचानक दचकायला होतं का, विमानाचा आवाज आला की छाती धडधडते का, ती आठवण टाळावीशी वाटते का. काकू प्रत्येक प्रश्नाला शांतपणे नाही म्हणत गेल्या. टाळावंसं तर बिलकुल वाटत नव्हतं. उलट डोळ्यांत किंचित चमक आली, काहीतरी सांगणार असं वाटलं. मग, "जाऊ दे, ते सगळ्यांना यांनी सांगून झालंय," म्हणाल्या आणि थांबल्या.

मी झोपेकडे वळले. "रात्री झोप लागते का?"

"दहाला पडल्या पडल्या लागते."

"आणि अडीचला आपोआप जाग येते?"

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाही. गजर लावते मी. आवाजाचा नाही, थरथरणारा. उशीखाली ठेवते."

पंचवीस वर्षांच्या कामात निद्रानाशाची खूप माणसं पाहिली. रोज रात्री अडीचचा गजर लावणारं कुणी नव्हतं. मी मनात हिशेब केला. इथले अडीच म्हणजे तिथले संध्याकाळचे पाच.

"पाच वाजता तिकडे काय असतं काकू?"

पिशवीचे बंद हातातून सुटले. त्या पहिल्यांदा रडल्या.

लेकीचं बाळंतपण फेब्रुवारीत झालं होतं, सिझेरियन. काका-काकू जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात दोघं मिळून तिच्याकडे, न्यू जर्सीतल्या एडिसनला पोचले होते. काकूंनी डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा सगळं नेलं होतं. बाळ छान. मार्चच्या शेवटी काका परतले. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या करारावर सह्या होत्या, थंडी सोसत नव्हती, कारणं खरी होती. ते गेल्यावर आठवड्याभरात लेक घसरत गेली. बाळ संध्याकाळी पाचपासून सातपर्यंत पोटात कळ आल्यासारखं किंचाळायचं. जावई कामावरून साडेसातला येणार. त्या दोन तासांत लेक पाळण्याकडे पाठ करून भिंतीला टेकून बसायची. एकदा म्हणाली, "आई, हे माझं बाळ आहे असं वाटतच नाही गं." एकदा त्याहून वाईट काहीतरी.

बाळंतिणीला पहिल्या आठ-दहा दिवसांत उगाच रडू येतं, ते आपल्या आज्यांनाही माहीत होतं आणि ते आपसूक ओसरतं. दोन आठवड्यांपलीकडे ते टिकलं, बाळाबद्दल काही वाटेनासं झालं, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, आपण नसतो तर बरं असं वाटू लागलं, तर तो आजार असतो आणि त्यावर उपचार असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगभरात बाळंत झालेल्या सुमारे १३ टक्के स्त्रियांना मानसिक आजार होतो, त्यात नैराश्य सगळ्यात पुढे. विकसनशील देशांत हे प्रमाण आणखी जास्त आहे. आपल्याकडे त्याला 'हळवी झालीय' म्हणून सोडून देतात.

लेकीच्या नशिबाने ती न्यू जर्सीत होती. बाळंतिणींची नैराश्यासाठी तपासणी झालीच पाहिजे असा कायदा करणारं ते अमेरिकेतलं पहिलं राज्य, २००६ सालचा कायदा. एप्रिलमध्ये डॉक्टरांकडे गेल्यावर तिला प्रश्नावली भरायला दिली. दहाच प्रश्न, गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढेच. स्कॉटलंडमध्ये तयार झालेली ही प्रश्नावली १९८७ पासून जगभर वापरतात, आपल्याकडेही तिची भाषांतरं आहेत. लेकीने खरी उत्तरं लिहिली. याबद्दल मला त्या न पाहिलेल्या मुलीचं फार कौतुक वाटतं. खूप जणी खोटी लिहितात. उपचार सुरू झाले, थेरपिस्ट मिळाली, मे महिन्यापासून फरकही दिसू लागला.

आणि तिने आईकडून वचन घेतलं. बाबांना सांगायचं नाही.

"का?" मी विचारलं.

"हे एकदा बोलून गेले होते. भाच्याच्या बायकोला असंच झालं होतं, तर म्हणाले, सगळं हाताशी असताना या मुलींना होतं काय? लेकीने ते लक्षात ठेवलं."

जूनमध्ये मुक्कामाची मुदत संपत आली. व्हिजिटर म्हणून गेलेल्याला साधारण सहा महिने मिळतात, मुदतवाढीचा अर्ज करता येतो. लेक म्हणाली होती, अर्ज करू या. काका फोनवर म्हणत होते, ये आता, किती दिवस. काकू 'येते' म्हणाल्या. लेक काही बोलली नाही, तिने आईचं तिकीट काढलं, व्हीलचेअर लावली आणि विमानतळावर बाळाला आईच्या हातून घेताना एवढंच म्हणाली, "पाच वाजता फोन करशील?"

म्हणून अडीचचा गजर. रोज. त्या दोन तासांत काकू फोनवर फक्त असायच्या. लेक बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारायची आणि फोन ओट्यावर टेकवलेला. कधी दहा दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही. काका गॅलरीच्या दारात आले की फोन उलटा.

मी काकूंना सरळ विचारलं, ते विचारावंच लागतं. लेक स्वतःला किंवा बाळाला काही करून घेण्याबद्दल बोलते का? "एप्रिलमध्ये एकदा. तिच्या डॉक्टरांना माहीत आहे. आता नाही." तरी मी त्यांना तिकडचा मातांसाठीचा मोफत, चोवीस तास चालणारा नंबर लिहून दिला, १-८३३-८५२-६२६२. लेकीच्या आणि जावयाच्या, दोघांच्या फोनमध्ये असू दे म्हटलं. इथल्या वाचकांसाठी आपला सरकारी टेलिमानस १४४१६ आहे, मराठीतही बोलता येतं.

आता अडचण माझी होती. काका बाहेर बसलेले. दार उघडल्या उघडल्या, "काय म्हणाली?" एकट्याने सांगितलेलं जोडीदारालाही सांगायचं नाही, हा आमच्या कामाचा पाया आहे. नवरा असला तरी, काळजीने पोखरलेला असला तरी. मी म्हटलं, "काका, आजारी नाहीत त्या. जे आहे ते त्या स्वतः सांगतील. तोवर एकच करा. रात्री उठून बोलवायला जाऊ नका."

ते दुखावले. दिसलं मला.

पुढच्या आठवड्यात काकांना एकट्याला बसवलं. त्यांना मी १९५५ मधल्या एका अभ्यासाबद्दल सांगितलं. नॉर्वेच्या लिसगार्ड यांनी अमेरिकेत राहून आलेल्या आपल्या देशबांधवांशी बोलून दाखवलं होतं की परक्या ठिकाणी माणूस आधी हरखतो, मग खचतो, मग हळूहळू रुळतो. १९६३ मध्ये गुलाहॉर्न या पती-पत्नीने त्यात भर घातली: घरी परतल्यावरही हीच घसरण पुन्हा होते. नंतरच्या संशोधकांना प्रत्येकात हा आलेख सापडला नाही. तरी काकांसारख्या माणसाला हे कळणं उपयोगाचं असतं, कारण आपण गृहीत धरतो की घर म्हणजे चप्पल घातल्यासारखं, पाय सरकवला की झालं. पण हे सांगून मी थांबले असते तर उशीखालच्या गजरापर्यंत पोचलेच नसते, हेही खरं. नाव दिलं की शोध संपतो, हा धोका आम्हा शिकलेल्यांना जास्त.

मग मी काकांना त्यांच्या तीन महिन्यांबद्दल विचारलं. एकटे कसे राहिलात?

माणूस खुलला. डबा लावला होता पण रविवारी स्वतः खिचडी करायला शिकले. गॅस बंद केला का हे बघायला दाराबाहेरून तीनदा परत यायचे. आणि डबे! स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून, घासून, उंचीप्रमाणे लावले. तूरडाळ कुठली आणि चणाडाळ कुठली हे त्यांना दिसून कळेना म्हणून कागदाच्या पट्ट्या चिकटवल्या. स्वच्छ अक्षरात. "हिला वाटलं असतं, घर कसं ठेवलंय बघा. ही आली, बघितलं आणि काही बोललीच नाही."

याच डब्यांबद्दल काकू मला आदल्या आठवड्यात म्हणाल्या होत्या, "चाळीस वर्षं माझा हात न बघता डब्यावर जायचा. आता माझ्याच घरात वाचून डाळ काढावी लागते."

दोघांचंही मला पटत होतं. यात मीमांसा करण्यासारखं काही नाही. पट्ट्या असू देत, डबे जुन्या जागी जाऊ देत, एवढंच मी सुचवलं. ते त्या आठवड्यात झालं.

मार्चचं मात्र इतकं सोपं नव्हतं. "परत का आलात?" या प्रश्नावर काकांनी आधी पुनर्विकास सांगितला, मग थंडी. मी वाट पाहिली. मग म्हणाले, "तिथे माझं काही कामच नव्हतं. ही बाळाची आजी. तेल लावतेय, शेक देतेय, सगळे हिला विचारतायत. मी सोफ्यावर. गाडी चालवता येत नाही, बाहेर बर्फ. जावई यायचा तर म्हणायचा, बाबा, टीव्ही लावून देऊ? शेवटी मला वाटलं, मी असून यांना एक माणूस सांभाळायलाच जास्त."

बायकोला हे कधी सांगितलं होतं का? नव्हतं. बायकोची समजूत होती की नवऱ्याला करार प्यारा. नवऱ्याची समजूत होती की बायकोला तिकडे आपली गरज नाही. अशा दोन समजुती घेऊन दोघं तीन महिने रोज फोनवर 'जेवलात का' बोलत होते.

माझ्याकडे येणाऱ्या परदेशवारीच्या बहुतेक तक्रारींचं मूळ मला इथे सापडतं, मधल्या काळात. एकत्र गेलेले दोघं वेगवेगळ्या वेळी परततात, तेव्हा मधले दिवस दोन असतात. तिचे तिकडचे, त्याचे इकडचे. परतलेल्याला आपण काय विचारतो? काय आणलंस, थंडी किती होती, नातू कुणासारखा दिसतो. मागे काय ठेवून आलीस, हे कुणी विचारत नाही. काकूंच्या नणंदेनेही आल्या आल्या बदाम-अक्रोडाची चौकशी केली होती. त्या आत जाऊन झोपल्या त्यात नवल नाही.

काकूंना मी सांगितलं की वचन मोडू नका, पण लेकीकडून सोडवून घ्या. तिला म्हणा, मला एकटीला आता जड जातंय. आई मंडळींना हे वाक्य उच्चारणं महाकठीण असतं. काकूंना दोन आठवडे लागले. लेकीने तिच्या थेरपिस्टशी बोलून घेतलं आणि मग तिने स्वतः, तिच्या एका सकाळी आणि आपल्या एका संध्याकाळी, बाबांना फोन लावला.

काका मला पुढच्या भेटीत म्हणाले, "मी आधी चिडलो. मला का नाही सांगितलं? ती म्हणाली, बाबा, तुम्ही वहिनीबद्दल काय बोलला होतात आठवतंय? मला आठवत नव्हतं हो. खरंच आठवत नव्हतं." बराच वेळ ते हाताच्या पंजाकडे बघत बसले. "मी आणखी आठ दिवस थांबलो असतो तर मला दिसलं असतं."

दिसलं असतंच असं नाही. मी तसं म्हटलंही. त्यांनी ऐकून घेतलं, पटलं असं वाटलं नाही. काही गोष्टींची खंत काढून टाकता येत नाही, आणि समुपदेशकाने घाईने काढूही नये.

त्यानंतर गॅलरीत बदल झाला. तीन रात्री काकू, दोन रात्री काका. काकांना बाळाचं काय बोलायचं ते कळेना, म्हणून ते लेकीला सोसायटीच्या बैठकीचा वृत्तान्त सांगू लागले, कोण काय म्हणालं, पार्किंगवरून कोण भांडलं, नक्कल करून. लेक एकदा हसली. काकू आत जाग्या होत्या, त्यांनी ते ऐकलं. जावयाशीही लेक बोलली. तो आठवड्यातून दोन दिवस साडेचारला घरी येऊ लागला, त्या रात्री इथे गजर नाही. मी एवढी काळजी घेतली की आईचा फोन हेच औषध आहे असं तिघांनाही वाटू नये. उपचार तिकडे चालू आहेत, ते चालू राहिले पाहिजेत, आईच्या फोनने थोडा आधार द्यायचा. रक्तदाबाची गोळी सकाळी आठवर आली. आपल्या सकाळी.

सप्टेंबरच्या अखेरीस दोघं शेवटचं आले. मला वाटलं होतं, आटोपतं घेऊ. पण दोह्याचं राहिलं होतं. माझ्या वहीत पहिल्या पानावर लिहिलेलं, 'सगळ्यांना यांनी सांगून झालंय.'

मी काकांना म्हटलं, "त्या रात्रीचं तुम्ही सांगू नका. आज त्या सांगतील. मध्ये बोलायचं नाही."

काकूंनी पाण्याचा घोट घेतला. व्हीलचेअर पाय दुखतात म्हणून घेतली नव्हती, इंग्रजीची अडचण म्हणून लेकीने लावली होती, इथून सुरुवात. दोह्याला एका नेपाळी मुलाने त्यांना एका ठिकाणी आणून बसवलं, हिंदीत म्हणाला, माताजी, इथेच थांबा. मग फलकावरची विमानं एकेक करून लाल झाली. लोक धावायला लागले. कुणी रडत होतं. तो मुलगा परत येऊ शकला नाही, त्याच्यामागे पन्नास माणसं लागली असणार. "दोन तास मी त्या खुर्चीत बसून राहिले. लेकीचे मेसेज येत होते, आई, जागची हलू नकोस. यांचा एकही नाही."

काका काहीतरी बोलणार होते. मी हात वर केला.

"मग मला वाटलं, पाय तर धड आहेत माझे. मी उठले. खुर्ची कडेला लावली. चालत चालत मधल्या चौकात गेले. तिथे ते पिवळं अस्वल आहे, डोक्यात दिवा घुसलेलं, दोन मजली उंच असेल. त्याच्या पायाशी एक केरळची बाई बसली होती माझ्याच वयाची, मुलाकडून आलेली. एक तेलंगणाची पोर होती, कडेवर वर्षाचं मूल. मूल रडून रडून निळं झालेलं. मी म्हटलं, दे इकडे. उताणं घेतलं, पोटावर हात फिरवला, जसा आमच्या बाळाला फिरवायचे. झोपलं. त्याची आई पण झोपली, माझ्या बॅगेवर डोकं ठेवून. पहाटेपर्यंत ते मूल माझ्याकडे होतं. लेकीने दिलेल्या मेथीच्या पुऱ्या आम्ही तिघींनी खाल्ल्या. सकाळी फलकावर मुंबई कुठे लागतेय ते मीच सगळ्यांना वाचून सांगत होते." जरा थांबून म्हणाल्या, "मी घाबरले नव्हते हो. आणि घरी आल्यावर रोज ऐकत होते, बिचारी एकटी अडकली, बिचारीचे हाल झाले."

काकांनी खिशातून फोन काढला, चष्मा वर केला आणि काहीतरी शोधून काकूंच्या हातात दिला. त्या रात्री त्यांनी लेकीला पाच वेळा फोन केला होता. बायकोला मेसेज लिहायला घेतले होते, पण पाठवले नव्हते. तिच्या फोनची बॅटरी संपू नये, आपल्या काळजीने ती आणखी घाबरू नये, असं वाटून. मग ते सगळे त्यांनी फोनमधल्या टिपणवहीत ठेवले होते, वेळेसकट. १०.४०, पोचलीस का कुठे नीट. ११.१५, पाणी पी. १.०५, गोळी घेतलीस का. ३.३०, मी जागा आहे.

काकूंनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, चष्मा नव्हता म्हणून हात लांब करून. काही बोलल्या नाहीत. फोन परत दिला.

बरंच मिनिटभर झाल्यावर काकांनी घसा साफ केला.

"दोन मजली? एवढं मोठं अस्वल?"

"दोन नसेल," काकू म्हणाल्या, "पण दीड तरी होतंच."